दुकानांकडचा खांदा

बाजारात दुकानं एकाच बाजूला होती. दुसऱ्या बाजूनं पाट वाहायचा. त्यामुळे बंधाऱ्याकडे जाताना दुकानं उजव्या हाताला यायची आणि घराकडे येताना डाव्या. ठिणगीचे बाबा झाडं कापायचं मशीन जाताना उजव्या खांद्यावर घ्यायचे आणि परतताना, कितीही दमलेले असोत, बाजाराच्या तोंडाशी थांबून ते डाव्या खांद्यावर घ्यायचे. बार कायम दुकानांकडे. लोकांना दिसायला नको?

बार म्हणजे मशीनच्या तोंडातून बाहेर आलेली लांब पोलादी जीभ. तिच्या कडेनं दातांची चेन पळते. बाबांचा बार कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, आणि वर अजून अर्धा. एवढा बार आसपासच्या कुठल्याच गावात नव्हता. बाबांचं खरं नाव कागदापुरतं उरलं होतं. गाव त्यांना दीडहाती म्हणायचं, आणि कुणी तशी हाक मारली की त्यांची पाठ आणखी ताठ व्हायची.

घरात अजून एक कायदा होता. जो कापतो त्यानं धार लावायची नाही आणि जो धार लावतो त्यानं कापायचं नाही. कापणारा स्वतःशी खोटं बोलतो, अजून चालेल म्हणतो आणि बोथट चेन रेटत बसतो, म्हणून. आधी कानस आईच्या हातात होती. आईला जवळचं अंधूक दिसायला लागलं तशी ती ठिणगीकडे आली. शाळेत बाईंनी सगळ्यांसमोर कान धरला म्हणून ठिणगीनं दप्तर खिडकीबाहेर फेकलं होतं, आणि दप्तर आणायला जी बाहेर गेली ती परत आत गेलीच नाही. नाव तेव्हाच पडलं. शाळेत तिचं कुठेच लक्ष लागायचं नाही, पण चेनच्या एका दातावरचा केसाएवढा पांढरा ठिपका तिला अंगणाच्या पलीकडून दिसायचा.

पूर आला आणि शेडमधलं मोठं मशीन गाळात गेलं. मिस्त्रीनं झाकण उघडलं, आत बघितलं आणि मेलेल्याच्या तोंडावर चादर ओढावी तसं परत लावलं. बार तेवढा वाचला. तो रोज दारावरच्या खिळ्याला, माणसाच्या डोक्याच्या वर टांगलेला असायचा.

नवीन मशीन आलं ते मध्यम. आई म्हणाली, गुणी दिसतंय. बाबा म्हणाले, बैलाच्या जागी शेळी आणली. त्याच्यासोबत हातभर लांबीचा बार आणि बारीक कड्यांची चेन आली होती. बाबांनी तो बार दोन बोटांत धरून बघितला, कुणी चिमुकलं अंगडं दाखवावं तसा, आणि बाजूला ठेवला. आईनं तो स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू म्हणून लावून टाकला. खिळ्यावरचा दीडहाती बार नवीन मशीनवर चढला. जुनी चेन मोठ्या कड्यांची होती, ती नवीन मशीनच्या, चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रीत बसेना. मग बाबांनी दुकानात जाऊन चक्रीच बदलून आणली.

ठिणगीनं तेव्हाच सांगितलं होतं. चक्री बदलली तरी इंजिन तेवढंच राहतं. बाबा म्हणाले की धार लावणाऱ्यानं धार लावावी.

नदीचा बंधारा पुरानं आणलेल्या झाडांनी तुंबला होता. मुळांसकट आलेली झाडं एकमेकांच्या काखेत हात घालून दारांमध्ये अडकली होती. ती कापून ओढून काढल्याशिवाय दारं खाली पडणार नव्हती, दारं पडल्याशिवाय पाणी पाटाला चढणार नव्हतं, आणि दोन्ही काठांवरची रोपं माना टाकायला लागली होती. बंधाऱ्याची दारं आणि पाटाचं पाणी सांभाळायचा तो पाटकरी. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, बंधारा जो मोकळा करेल, पुढच्या पुरापर्यंत नदीकाठची सगळी लाकूडतोड त्याची.

आजवर ते काम दीडहातीचं होतं. यंदा वरच्या आळीतल्या जुळ्यांनीही मोठं नवंकोरं मशीन आणलं होतं. जुळ्यांपैकी एक बोलायचा आणि दुसरा हसायचा.

पहिल्या दिवशी बाबा बाजारातून गेले ते असे की नवरदेवसुद्धा तसा जात नाही. उजव्या खांद्यावर दीडहाती, वर लाल रंगाचं लाकडी म्यान. मागे आई कुऱ्हाड आणि पाचरी घेऊन, मामा दोरखंड घेऊन, आणि सगळ्यात मागे ठिणगी, डब्यात कानस आणि तोंडात राग घेऊन. मशीन लहान आणि बार मोठा, त्यामुळे तोल बारकडे जात होता. बाबा दर दहा पावलांवर खांदा उचकवत होते. दुकानदारांना वाटलं, ऐट आहे.

बंधाऱ्यावर बाबांनी मुद्दाम सगळ्यांत जाड ओंडका निवडला. पाटकरी बघत होता. जुळे आपलं मशीन मांडीवर घेऊन बघत होते. बाबांनी मशीन चालू केलं, म्यान काढलं आणि बार लाकडाला टेकवला.

पहिली चार बोटं बार छान गेला. मग इंजिनचा आवाज खाली बसायला लागला. बाबांनी बार उचलला, आवाज चढला; टेकवला, आवाज बसला. चढ चढताना म्हाताऱ्याला धाप लागावी तसं. ठिणगी आवाज ऐकतच नव्हती. ती लाकडाखाली काय पडतंय ते बघत होती. आधी सोलपटं पडत होती, पोह्याएवढी. झाडांच्या सालीत पुराची वाळू गच्च भरलेली. बघता बघता सोलपटं बारीक झाली आणि मग नुसता भुगा उडायला लागला. पिठासारखा. दात मेले होते. बारच्या टोकाला निळा धूर निघाला, कारण एवढ्या लांब बारच्या टोकापर्यंत ऑइल पोचवायची त्या मशीनची ताकदच नव्हती.

तिनं ओरडून सांगितलं. बाबांना ऐकू आलं नाही, किंवा आलं. त्यांनी वरून भार दिला. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला होता, मधून झोळीसारखा वाकला आणि काप बंद झाला. लाकडानं बार दाताखाली धरावा तसा धरला. मशीन गपकन बंद पडलं.

बाबांनी ओढलं. मामानं ओढलं. पाचर ठोकली तर ती भुग्यातून परत उडाली. शेवटी जुळ्यांतला बोलणारा उठला, पँट झटकली, आणि आपलं मशीन घेऊन बाबांच्या शेजारी काप घालून दीडहाती बार सोडवून दिला. वाईट म्हणजे त्यानं ते नीट केलं. बारला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही.

"दीडहाती," तो म्हणाला, "बार तुमचाच. शेपूट मात्र शेळीला बैलाचं लावलंत."

दुसरा हसला. पाटकऱ्यानं घसा साफ केला आणि उद्याची वाटणी करून टाकली. डावीकडची दारं जुळ्यांनी मोकळी करायची, उजवीकडची दीडहातीनं. मधल्या दारात आडवा पडलेला म्हातारा बुंधा, जो आपली बाजू आधी संपवेल त्याचा. आणि काम त्याचंच.

घरी परतताना बाबा बाजाराच्या तोंडाशी थांबलेच नाहीत. मशीनवर पोतं टाकून ते घरांच्या मागच्या बोळातून निघाले. बोळात सांडपाणी होतं, कोंबड्या होत्या, आणि एक म्हातारी दात घासत होती. ती म्हणाली, इकडून कसे आज? बाबांनी पाय उचलला. ठिणगीला आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती. शाळेत कान धरला तेव्हासुद्धा.

घरी आल्यावर बाबांनी बार पुसला, खिळ्याला टांगला आणि चेन तिच्यापुढे टाकली. म्हणाले, नीट धार लाव. तिनं चेन उचलली नाही.

"धारेचं काम नाही ते," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, मग कुणाचं काम आहे? तिनं सांगायला सुरुवात केली आणि मग तिला थांबताच आलं नाही. ही चेन चौकोनी कोपऱ्याच्या दातांची आहे. स्वच्छ लाकडात सुरीसारखी जाते, वाळूत एका घासात मरते. गोल कोपऱ्याचा दात सावकाश कापतो पण वाळू सोसतो. बार लांब म्हणून चेन लांब, चेन लांब म्हणून तिला पळवण्यातच इंजिनचा जीव जातो, कापायला उरतं काय? मोठी चक्री, मोठी कडी, सगळं उसन्या अंगरख्यासारखं.

"बार मशीनला बघून लावायचा असतो, बाबा. चेन लाकडाला बघून. मिशीला बघून काहीच लावायचं नसतं."

मामा पाणी पीत होता, त्याला ठसका लागला. आईनं त्याच्या पाठीवर गरजेपेक्षा जोरात थाप मारली.

बाबांनी खिळ्यावरच्या बारकडे बघितलं. मग म्हणाले, "तो मधला बुंधा पुरता दीड हात जाड आहे. हातभर बारनं त्याला कापू की खाजवू?"

"दोन्ही बाजूंनी कापा."

दोन्ही बाजूंनी शिकाऊ कापतात, बाबा म्हणाले. काप मध्ये भेटत नाहीत, लाकडात पायरी राहते, आणि ती पायरी सगळ्या गावाला दिसते.

"तुमच्या कापात राहते पायरी?" तिनं विचारलं.

 बाबांनी चटई उचलली आणि ओट्यावर जाऊन झोपले. आईनं त्यांचं ताट झाकून ठेवलं. सकाळी ते तसंच होतं.

उजाडताच ठिणगी स्टुलावर चढली. हात बारपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. राग रात्रभर टिकला होता, पण आता नेमका खिळ्याशी येऊन पाय घसरल्यासारखा झाला. लहानपणी बाबा तिला त्याच बारशेजारी उभं करून तिची उंची बघायचे. आई चुलीपाशी होती. तिनं वर न बघता विचारलं, काढतेस ना?

"बाबांचा आहे," ठिणगी म्हणाली.

"बार त्यांचा असेल. खिळा मी ठोकलाय." आई उठली, खिडकीचा टेकू काढून घेतला आणि त्या जागी लाटणं लावलं. हातभर बार पदरानं पुसून लेकीच्या काखेत दिला. मशीनची मूळ चक्री बटणांच्या डब्यात निघाली. ठिणगीनं दीडहाती बार उतरवला आणि त्याची चेन उचलली.

बाजारात मशीनच्या सामानाचा दुकानदार नुकताच फळ्या काढत होता. त्याचा चष्मा डोळ्यांपेक्षा पोटावर जास्त असायचा. त्यानं काउंटरवर दीडहाती बार बघितला आणि चष्मा वर चढवला. म्हणाला, घरी सांगून आलीस ना? ती म्हणाली, आईला सांगून. दुकानदाराचंही लग्न झालेलं होतं. त्यानं पुढचं विचारलं नाही.

लांब बार आणि त्याची चेन ठेवून घ्यायची, बदल्यात हातभर बारच्या दोन चेन द्यायच्या, असं ठरलं. एक पळेल तेव्हा दुसरीवर कानस फिरेल. दुकानदारानं आधी चौकोनी दाताचीच काढली. नवीन माल आहे, लोण्यासारखी जाते म्हणाला. तिनं सांगितलं की लोणी नाहीये, नदीत वाळूत लोळलेली झाडं आहेत. मग त्यानं गोल दाताचा गुंडा काढला, बारीक कड्यांचा, आणि तोडायला हत्यार घेतलं. ती म्हणाली, थांबा.

तिनं चेनचं टोक हातभर बारच्या खाचेत बसवलं आणि बोटानं कडेला दाबलं. चेन डुलली. तेवढ्याशा जागेत दारुड्यासारखी इकडून तिकडे. कडी बरोबर होती, पण कड्यांखालची, बारच्या खाचेत जाणारी जीभ पातळ होती.

"ही डुलतेय," ती म्हणाली.

"थोडं चालतं."

"थोडं वाकडं कापलेलं बाबांना चालत नाही."

दुकानदारानं गुंडा परत ठेवला, शिडी लावली आणि वरच्या फळीवरून जाड जिभेचा गुंडा काढला. पुटपुटला की दीडहातीला मुलगी नाही, तपासनीसच झालाय. या वेळी तिनं दाबून बघितलं तर चेन खाचेत अशी बसली की जणू तिथेच वाढली. तिनं जिभा मोजल्या. दुकानदारानं मोजल्या. तिनं परत मोजल्या. त्यानं दोन्ही चेन तोडून रिबिट मारले आणि विचारलं, आता मी दुकान झाडू का?

निघताना तिनं मागे बघितलं नसतं तर बरं झालं असतं. दुकानदार शिडी बाहेर आणून परत वर चढला होता, आणि दीडहाती बार दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर टांगत होता. रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असा.

ती घरी पोचली तेव्हा बाबा तोंड धुवायला तांब्या घेऊन उभे होते आणि रिकाम्या खिळ्याकडे बघत होते.

"कुठाय?"

"दुकानात."

"विकलास?"

"बदलला. दोन चेन आणल्या."

बाबांनी तांब्यातलं पाणी सावकाश मातीत ओतलं, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत. मामा दोरखंड उचलून उगाच घरामागे गेला. ठिणगीनं मान खाली घातली नाही.

"कुठल्या दाताची?" बाबांनी विचारलं.

"गोल."

त्यांनी हात पुढे केला. तिनं चेन दिली. त्यांनी ती बोटांवरून सावकाश सरकवली, एक दात अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितला, मग बारच्या खाचेत घालून कडेला दाबली. तिनं दाबली होती तशीच, त्याच बोटानं.

"डुलत नाही," ते म्हणाले.

"डुलणारी परत केली."

त्यांनी नुसतं हं केलं. जमिनीवर बसून चक्री बदलली, हातभर बार चढवला, चेन ओढून बघितली, हातानं फिरेल पण खाली लोंबणार नाही इतकी. बसायच्या पाटावर पांढरा कपडा टाकून इंजिन फिरवलं. कपड्यावर बारच्या टोकासमोर ऑइलची बारीक रेघ उमटली. रेघेकडे दोघांनी बघितलं, एकमेकांकडे नाही. मग बाबांनी मशीनवर पोतं टाकलं आणि मागच्या बोळातून निघाले.

बंधाऱ्यावर त्या दिवशी माणसं जमली होती. जुळ्यांचं मशीन गरजत होतं. त्यांची बाजू सरसर निघत होती. बाबांनी पोतं काढलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, दीडहातीचा हातभरच राहिला की. बाबांच्या मानेची शीर उठली. त्यांनी मान वळवली नाही.

आईनं जिथे कापायचं तिथली साल आधी कुऱ्हाडीनं तासून काढली, वाळूचा थरच नाहीसा. बाबांनी ओंडका कुठे टेकलाय, कुठे ताण आहे ते पायानं दाबून पाहिलं. मधून झोळ पडणारा ओंडका असेल तर वरून थोडा काप, मग खालून. बार टेकवला आणि मशीन जे बोललं ते ठिणगीनं ऐकलं. आवाज चढला आणि चढलेलाच राहिला. खाली सोलपटं पडत होती. जाड, पिवळी, ओली.

बाबा बार रेटत नव्हते. नुसता धरत होते. मशीन स्वतः आत जात होतं.

चिखल मांडीपर्यंत होता. एक पाय काढला की बूट आत राहायचा. मामा कापलेल्या तुकड्यांना दोर लावून काठावर ओढायचा आणि प्रत्येक तुकड्याला एक शिवी द्यायचा, वेगवेगळी. सोलपटं बारीक व्हायला लागली की ठिणगी हात वर करायची आणि बाबा थांबायचे. कायदाच होता तो. चेन उतरायची, दुसरी चढायची, उतरलेली तिच्यापुढे ओंडक्यावर यायची. ती एका बाजूच्या दातांवर कानस फिरवायची, प्रत्येकावर तेवढेच हात, तेवढाच तिरका, मग बसायची जागा बदलून दुसऱ्या बाजूचे. बोटांची कातडी गेली. तिनं चिंधी गुंडाळली. चिंधीला ऑइल लागलं, ऑइलला वाळू लागली, आणि तिनं दातानं ती सोडून नवीन बांधली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा डावीकडचा आवाज बदलला. ठिणगीनं मान वर न करता सांगितलं असतं काय झालंय ते. भुगा. जुळ्यांचं मशीन मोठं, ताकद मोठी, पण चेन एकच, चौकोनी दाताची, आणि साल तासायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. ते रेटत होते. कापणारा स्वतःशी खोटं बोलतो.

थोड्या वेळानं तो आवाज बंदच झाला. चिखलातून पाय उपटत कुणीतरी येत होतं. बोलणारा जुळा नव्हता, हसणारा होता. हातात चेन होती आणि तो हसत नव्हता. तो चेन पुढे धरून उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती, त्यामुळे शब्द सापडायला वेळ लागला. म्हणाला, जरा कानस फिरवशील?

ठिणगीच्या जिभेवर शेळीचं शेपूट आलं होतं. अगदी टोकावर. तिनं आईकडे बघितलं. आई सालीवर कुऱ्हाड मारत म्हणाली की पाणी काय आपल्याच रोपांना जाणार आहे का. मग ठिणगीनं बाबांकडे बघितलं. बाबांनी मशीन बंद केलं, जुळ्याच्या हातातली चेन बघितली आणि म्हणाले,

"धारेचं मला विचारू नकोस. ती सांगेल."

आजवर ते असं कुणासमोर बोलले नव्हते. ठिणगीनं चेन घेतली, उजेडात धरली आणि आपल्या चेनमागे ओंडक्यावर ठेवली. रांगेत. जुळा चिखलात उभा राहून वाट बघत राहिला. तिनं त्याची चेन त्याच हातांनी, त्याच तिरक्यात घासली, एक दातही कमी नाही. त्याला वाळूत कशी मरते तेही सांगितलं. तो मान डोलवत राहिला.

तोवर उजवीकडची दारं मोकळी झाली होती.

मधला म्हातारा बुंधा उरला. बाबा त्याच्याभोवती एकदा फिरले, मग परत एकदा. दीड हात जाड. गर्दी काठावरून खाली उतरली. बाबांनी जुन्या दोरीला कोळसा लावला, ती बुंध्याभोवती गुंडाळून झटकली आणि लाकडावर काळी रेघ उमटली. ठिणगीनं ताजी धार लावलेली चेन चढवली. या वेळी बोटांना जाणवलं, एवढी चांगली तिची तिलाच कधी जमली नव्हती.

बाबांनी एका बाजूनं कापलं. हातभर बार मुठीपर्यंत आत गेला आणि बुंध्याच्या मध्याच्या जरा पुढे थांबला. त्यांनी बार काढला, पाचर ठोकली, चिखलातून फेरी मारून दुसऱ्या बाजूला आले. आता समोरचा काप त्यांना दिसत नव्हता. मधे नुसतं लाकूड होतं. त्यांनी रेघेवर बार टेकवला, डोळे अर्धवट मिटले आणि कापायला लागले. मामाची शिवी थांबली. जुळेही आपली बाजू उशिरा का होईना संपवून, मशीन खाली ठेवून आले होते.

बुंधा कडाडला. मग एक मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज आला, आणि त्याचा पुढचा तुकडा पाण्यात आडवा झाला.

पाटकरी खाली उतरला. कापलेल्या तोंडावर त्यानं तळवा ठेवला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला. मध्यावर येऊन तो थांबेल असं सगळ्यांना वाटलं. तळवा थांबला नाही. पायरी नव्हती. दोन काप कुठे भेटले ते लाकडालासुद्धा माहीत नव्हतं.

बोलणाऱ्या जुळ्यानंही हात फिरवून बघितला. मग परत एकदा.

पाटकऱ्यानं काम कुणाचं ते सांगितलं, पण तेव्हा लोक दारं पडताना बघत होते. दारं कुरकुरत खाली बसली आणि पाणी चढायला लागलं. ठिणगीनं बाबांकडे बघितलं तर ते पाण्याकडे बघत नव्हते. बुंध्याच्या पायथ्याशी वाकून त्यांनी मूठभर सोलपटं उचलली होती आणि ती बोटांनी चोळून बघत होते. शेवटचीसुद्धा जाड होती.

सामान आवरल्यावर मामानं पोतं पुढे केलं. बाबांनी ते घेतलं नाही. मशीनला जुनं लाल म्यान लावलं. अर्धा हात म्यान पुढे रिकामंच लोंबत राहिलं, म्हणून त्यांनी ते काढलं, गुडघ्यावर मोडलं आणि हातभर ठेवून उरलेलं पाण्यात टाकून दिलं. मग मशीन उचलून ठिणगीच्या खांद्यावर ठेवलं.

"तू घे," म्हणाले. "माझा खांदा दुखतोय."

आई मामाकडे बघून म्हणाली की लग्नापासून यांचा खांदा पहिल्यांदाच दुखतोय.

बाजाराच्या तोंडाशी रस्ता फुटत होता. एक मागच्या बोळात, एक बाजारात. बाबा बाजारात शिरले. ठिणगी दोन पावलं मागे थांबली. मशीन उजव्या खांद्यावरून काढलं, तोल सावरला आणि डाव्या खांद्यावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं.

बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पाटात पाणी धावत होतं आणि ते सगळ्या दुकानांच्या पुढून आलं होतं. लोक दारात उभे होते. दुकानदार शिडी घेऊन बाहेर आला. भिंतीवर दीडहाती बार उन्हात चमकत होता. तो म्हणाला, तुमच्यासाठी राखून ठेवलाय, न्यायचा का परत?

बाबा बारखाली उभे राहिले. मान वर करून त्याच्याकडे बघितलं, जुन्या मित्राकडे बघावं तसं, गडबड न करता. 

"राहू दे," ते म्हणाले. "जरा वर टांग. पोरांच्या हाताला लागेल."

कुणीतरी मागून विचारलं, मग आता तुम्हाला म्हणायचं काय? बाबांनी वळून बघितलं नाही. हात उचलून लेकीच्या खांद्याकडे दाखवला, हिचा बाप म्हणा म्हणाले, आणि चालायला लागले.

बाजार लांब होता. मशीनचं हॅंडल हाडाला रुतत होतं, चिंध्या बांधलेली बोटं ठणकत होती, आणि उजवा खांदा मोकळा होता. ठिणगीनं बाजार संपेपर्यंत खांदा बदलला नाही.